नव्वद दिवसांच्या प्रवासाची काशीतली तालीम

काशीहून परतलेल्या माणसाला आमच्याकडे ‘प्रवास कसा झाला’ असं कोणी विचारत नाही. ‘काय सोडलंत?’ असं विचारतात. काशीला गेलं की आवडीची एखादी खायची गोष्ट सोडायची, पुन्हा जन्मात तोंडात घालायची नाही, अशी रीत आहे, आणि शेजारपाजार, वाणी, इस्त्रीवाला, सगळ्यांना त्याचं भारी कुतूहल. मला परत येऊन तीन आठवडे झाले. एवढ्यात निदान वीस जणांना मी एका शब्दात उत्तर दिलं, ते ऐकून प्रत्येकाने ‘अरेरे’ म्हटलं, आणि त्यापुढचं सांगायचा मला कंटाळा आला आहे. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

पहिली गोष्ट ही की आम्ही काशीला पुण्य मिळवायला गेलो नव्हतो. आम्ही नाशिकचे. गोदावरी दारात, घाट दारात, बारा महिने लोक आमच्याकडेच बुडी मारायला येतात. आम्ही काशीला गेलो ते तालमीला.

तालीम नानांच्या प्रवासाची. नाना म्हणजे माझे यजमान. घरात, गल्लीत, बँकेत सगळे त्यांना नाना म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. ते पाटबंधारे खात्यात आरेखक होते. धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर काढायला धरण उरलं नाही, तेव्हा त्यांनी एक प्रवास काढायला घेतला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचं, बँकॉकला उतरायचं, आणि तिथून होता होईल तो जमिनीवरूनच पश्चिमेला जायचं. लाओस, व्हिएतनाम, चीन, कझाकस्तान, उझबेकिस्तान, मग जॉर्जिया, तुर्कस्तान, बल्गेरिया, सर्बिया, हंगेरी, ऑस्ट्रिया आणि शेवटी स्लोव्हेनिया. तेरा देश, नव्वद दिवस. दर दिवसाला एक पान. प्रत्येक पानावर वर ‘उठणे’ची वेळ, खाली गाडी, मुक्काम, जेवण, बघायच्या जागा, आणि उजव्या कोपऱ्यात चौकोनात ‘जण: २’. सगळं पेन्सिलीने, त्यांच्या त्या टापटीप सरकारी अक्षरात. आराखडा पेनाने करणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी.

आणि ते दोनातलं दुसरं माणूस मी.

मी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी. निवृत्त झाले त्याच महिन्यात सासूबाईंनी अंथरूण धरलं आणि मग दोन वर्षं माझी पाळी बदललीच नाही. मागल्या वर्षी त्या गेल्या. तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी आहे. सकाळी जाग येईल तेव्हा उठायचं आणि कुठेही जायचं नसायचं. समरकंद सुंदर असेल. असू दे.

हे नानांना सांगायचं होतं. पण सासूबाईंच्या उशाशी बसून, त्यांना कूस वळवून देता देता, या माणसाने ती फाईल केली होती. आई हातातून जाते आहे हे दिसत असताना ते ताश्कंदच्या गाडीची वेळ सुवाच्य अक्षरात लिहीत होते. त्या फाईलीनेच त्यांना उभं ठेवलं. मी तोंड उघडायला जावं, तर ते मान वर करून विचारायचे, “तुला खिडकीच लागते ना गं?” की झालं. माझं तोंड मिटायचं.

जानेवारीत त्यांनी जाहीर केलं की एवढ्या मोठ्या प्रवासाआधी सहा दिवसांची रंगीत तालीम हवी. तेच बूट, तीच पाठीवरची पिशवी, आठ किलोच्या वर काही नाही, हमाल नाही, कपडे स्वतः धुवायचे, पाचला उठायचं. जागा काशी, कारण तिथे त्यांची मामेबहीण इंदूताई राहते. मी मनात ठरवलं, या सहा दिवसांत सांगून टाकायचं. घरी सांगवत नाही, निदान परक्या गावात सांगवेल.

मैदागिन ते मंगला गौरी

मैदागिन चौकाच्या पुढे रिक्षा जात नाही. तिथून गल्ल्या. धुकं असं की समोरून येणारा बैल आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. त्यात मोटरसायकली. आमच्या जुन्या नाशकातल्या बोळांना मी आजवर अरुंद म्हणत आले, ती चूक झाली. पाठीवर आठ किलो, पायांत नवे कोरे बूट, आणि पुढे नाना हातात स्वतः काढलेला गल्ल्यांचा नकाशा घेऊन. नकाशा अचूक होता. फक्त त्यात चढ दाखवला नव्हता.

एका वळणावर एक हातगाडीवाला आपण होऊन म्हणाला, “माताजी का सामान दे दीजिए, पहुँचा देंगे.” मी पिशवी उतरवायला लागले तर नाना म्हणाले, “बुखाऱ्यात कोण येणार आहे?” बुखारा माझ्या स्वप्नातही नव्हता. पण पिशवी पुन्हा खांद्यावर गेली.

इंदूताईंचं घर मंगला गौरीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि वर गच्ची. ताई सत्तरीच्या पुढच्या. त्यांचे वडील संस्कृत शिकवायला काशीला आले ते इथलेच झाले. ताईंचा जन्म इथला, लग्न इथल्याच मराठी घरात, यजमान जाऊन दहा वर्षं झाली. मराठी बोलायला त्यांना आता गल्लीतली चार घरं उरली आहेत. दारातच त्यांनी मला न्याहाळलं.

“अगं मालती, तू तर एकदम थकून गेलीस! आणि नाना, हे काय लादलंयस तिच्यावर? शेरपा समजलास काय बायकोला?”

“तालीम आहे,” नाना म्हणाले.

“कसली तालीम? बैठ आधी. चूडा-मटर केलाय, गरम आहे.”

चूडा-मटर म्हणजे पोहे आणि कोवळे मटार, तुपात, आल्या-मिऱ्याचं, वर थोडा गरम मसाला. आपले पोहे हळदीचे आणि घाईचे. हे पोहे बसून खायचे. मी दोन बशा खाल्ल्या आणि तिसऱ्या मजल्यावर पोचल्याचं पहिल्यांदा बरं वाटलं. नानांनी फाईलीत पाहिलं. स्थानिक नाश्ता दुसऱ्या दिवशी होता. त्यांनी तो खोडून आदल्या दिवशी घेतला.

नावेत

दुसऱ्या दिवशी पाचला उठलो. दिवसाला तीन जागा हा नियम, पहिली जागा नाव. मला वाटलं, हे ठीक आहे, नावेत निदान बसायचं असतं. पाण्यावर दोघंच, इथे सांगावं.

दोघंच नव्हतो, नाववाला होता. पन्नाशीचा, कानाला मफलर गुंडाळलेला, गप्पिष्ट. पंचगंगा घाटावरून निघालो तेव्हा वरची आलमगिरी मशीद धुक्यात अर्धीच दिसत होती. मणिकर्णिकेजवळ धूर कुठला आणि धुकं कुठलं ते कळेना. मी आयुष्यात इतकी माणसं जाताना पाहिली आहेत की मला तिथे वेगळं काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की त्या चितांजवळ लोक किती वेळ नुसते बसून होते. कोणी घड्याळ पाहत नव्हतं.

मी म्हटलं, “अहो, मला एक बोलायचंय.”

तेवढ्यात नाववाल्याने विचारलं, “यहाँ से आगे कहाँ जाएँगे बाबूजी? गया? अयोध्या?”

झालं. नानांनी त्याला बँकॉकपासून सुरुवात केली. हिंदीत, सविस्तर, गाड्यांच्या वेळांसकट. नाववाला वल्हं मारायचं विसरून ऐकत राहिला आणि नाव आपली आपण खाली वाहायला लागली. इस्तंबूल आलं तेव्हा तो भानावर आला.

“नब्बे दिन?” तो म्हणाला. “हम तो बाबूजी रामनगर से आगे नाव ले ही नहीं गए. और माताजी भी जाएँगी?”

“हाँ हाँ,” नाना म्हणाले. “दोनों.”

तो माझ्याकडे वळला. “माताजी, आपका भी मन है न?”

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. ना नानांनी, ना माझ्या मुलीने, ना भिशीतल्या बायकांनी. सगळ्यांनी ‘नशीबवान आहेस’ एवढंच म्हटलं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, “देखेंगे.” नाना हसले. त्यांना तो विनय वाटला. मला माझाच राग आला, तो दिवसभर गेला नाही. त्या रागात मी कचोरी-जिलबी खाल्ली, मलइयो खाल्लं, दोन देवळं केली, आणि मलइयो काय असतं ते मला धड सांगता येणार नाही. दुधाचा पिवळा फेस असतो, केशराचा, मातीच्या भांड्यात, जिभेवर ठेवला की नाहीसा होतो. लोक त्याची चव वर्षभर आठवतात म्हणे. मला फक्त तो गार होता हे आठवतंय.

गच्चीवरचं वाळण

नानांच्या फाईलीत कपडे वाळायला आठ तास धरलेले होते. हे गणित त्यांनी नाशिकच्या उन्हात केलं होतं. काशीच्या जानेवारीत धुक्यामुळे दुपारी बारापर्यंत ऊन नव्हतं आणि बारानंतर जे आलं त्याला ऊन म्हणणं हा आपला मोठेपणा. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दोघांच्या दोन्ही जोड्या गच्चीवर ओल्या गच्च. पिशवीत तिसरी जोडी नाही, कारण आठ किलो.

“थोडे दमट आहेत,” नाना म्हणाले. “अंगावर वाळतील.”

मी सिस्टर. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. पण मी तो दमट सलवार-कमीज घातला. नानांची पँट अजून दोरीवरच होती. ते लुंगीवर वर गेले ती आणायला, आणि पाठोपाठ ताईंचा आरडाओरडा ऐकू आला. “नान्या, पकड! अरे गेली!”

शेजारच्या गच्चीच्या कठड्यावर एक माकड बसलं होतं आणि त्याच्या हातात ती लवकर वाळणारी म्हणून खास घेतलेली पँट होती. नाना त्याला समजावत होते, मराठीतून. ताईंनी स्वयंपाकघरातून दोन पेरू आणले आणि माकडाच्या दिशेने फेकले. इलाहाबादी पेरू, आतून लाल, मी दुपारसाठी डोळा ठेवलेले. माकडाने पेरू झेलला, पँट टाकली. ती खाली गल्लीत, बरोबर एका म्हशीच्या पुढ्यात पडली. मी हसत सुटले, बऱ्याच दिवसांनी. नानाही हसले. तेव्हा वाटलं, आत्ता सांगावं, आत्ता त्यांना लागणार नाही. पण ते लुंगी सावरत तिसऱ्या मजल्यावरून खाली धावले होते.

संध्याकाळी मला ताप भरला आणि गुडघे सुजले.

अंथरुणात

चौथा पूर्ण दिवस मी झोपून काढला. खरं सांगायचं तर काशीतला माझा सगळ्यात चांगला दिवस तोच. नाना एकटे सारनाथला गेले. फाईलीत ‘आजारपण’ असा एक राखीव दिवस होताच, त्यामुळे त्यांचं काही बिघडलं नाही. ताई माझ्या गुडघ्यांना राईचं तेल चोळत बसल्या. आजवर लोकांच्या अंगाला मी हात लावत आले होते. माझ्या अंगाला कोणी असा निवांत हात लावला की मला रडू येतं, हे मला माहीत नव्हतं.

“बोल,” ताई म्हणाल्या. “काय परेशानी आहे?”

मी सगळं सांगितलं. दोन वर्षांचं.

“मग त्याला सरळ बोलत का नाहीस?”

“त्यांचा चेहरा बघवत नाही हो. फाईल उघडली की लहान होतात अगदी.” मग मी माझी युक्ती सांगितली. ती सकाळपासून पडल्या पडल्या सुचली होती. उद्या पंचगंगेवर गुरुजी येणार, संकल्प सांगणार, काहीतरी सोडायला सांगणार. तिथे आपण परदेशप्रवासच सोडायचा. “काशीत सोडलेल्या गोष्टीवर कोणी वाद घालत नाही. नानाही नाही घालणार. सुंठीवाचून खोकला गेला.”

ताईंचा हात थांबला. त्या आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

“मी या घाटावर जन्म काढला मालती. इथे येणारा काय सोडतो, माहीत आहे? कारलं. दुसरा नंबर दुधी. ज्याला जे नकोच आहे ते तो गंगेला देऊन जातो. गंगा काय कबाडीवाली आहे का? तुला परदेश नकोच आहे. मग तू काय सोडलंस? हे तर तुझं कारलं झालं.”

मी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

“गंगेला मध्ये घालू नकोस,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा चोळायला लागल्या. “नवरा तुझा आहे. गंगेचा नाही.”

बाहेर मंगला गौरीच्या देवळातली घंटा वाजत होती. मला राग यायला हवा होता, पण अंगात तेवढीही ताकद नव्हती. मी झोपले ती नाना परत आल्यावर त्यांच्या बुटांच्या आवाजाने उठले.

पंचगंगा

पंचगंगेच्या पायऱ्या उभ्या आहेत. उतरताना गुडघे पुढे पुढे पळतात आणि परत चढायचं आहे हा विचार पहिल्या पायरीपासून सोबत असतो. ताप उतरला होता. मी ताईंच्या दंडाला धरून उतरले. नाना पायऱ्या मोजत पुढे. खाली केशवगुरुजी वाट पाहत होते. ताईंच्या गल्लीतलेच, मूळ रत्नागिरीकडचे, पण पाच-सहा पिढ्या काशीत. अंगावर धोतर, त्यावर स्वेटर, स्वेटरवर उपरणं.

“डुबकी घेणार की मार्जन?” त्यांनी विचारलं.

“मार्जन,” ताईंनी परस्पर सांगितलं. “हिला बुखार होता.”

नानांनी बुडी मारली. फाईलीत होती. बाहेर आले ते ओठ निळे करून. मग दोघांना शेजारी बसवून गुरुजींनी संकल्प सांगितला. गाव, गोत्र, नावं. शेवटी हातावर पळीभर पाणी घालून म्हणाले, “आता सोडा काही. एक फळ नाहीतर भाजी, पण आवडीची हं. नाना, बोला.”

“कारलं,” नाना म्हणाले. क्षणाचाही विलंब नाही. मला नंतर कळलं, ते महिन्यापूर्वीच लिहून ठेवलेलं होतं. ‘काशी. सोडणे: कारले.’

ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, नदीकडे पाहिलं. गुरुजींनी सुस्कारा सोडला. “ठीक आहे. सगळे तेच सोडतात. वहिनी, तुम्ही?”

माझ्या ओंजळीत गार पाणी होतं आणि बोटांच्या फटीतून गळत होतं. ‘परदेश’ हा शब्द रात्रीपासून जिभेवर तयार होता. तो तोंडातच कडू झाला. मग मला काय आवडतं याचा मी विचार केला. विचार करायला वेळ लागला नाही. मेच्या दुपारी घरी कोणी नसताना मोरीच्या कट्ट्यापाशी बसून, कोपरापर्यंत ओघळ येईपर्यंत, एकामागून एक.

“हापूस,” मी म्हटलं.

नानांनी वळून पाहिलं. “अगं! वेडी का काय? तू? आंब्यावाचून तू?”

“हो.”

“का पण?”

आणि मग ते आलं. “कारण मला एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे आणि ती फुकटात सांगवेना. मला तुमच्याबरोबर यायचं नाही. तेरा देश नाही, नव्वद दिवस नाही. मी दमलेय हो. दोन वर्षं सांगायचं म्हणतेय. मला आता पाचला उठवू नका.”

शेजारी एक बाई पाण्यात दिवा सोडत होती, तिनेही वळून पाहिलं. माझ्या हातातलं पाणी संपत आलं होतं.

“वहिनी,” गुरुजी हळूच म्हणाले, “आधी पाणी सोडा. मग बोला. हातातच सुकून जाईल.”

मी पाणी सोडलं.

नाना बराच वेळ ओल्या पंच्याने हात पुसत राहिले, कोरडे झाल्यावरसुद्धा. मग उठले आणि पायऱ्या चढायला लागले. मोजत नव्हते. मला वाईट वाटलं, इतकं की हापूसही परत घ्यावा आणि शब्दही. आणि त्याच वेळी अंगावरून पिशवी उतरल्यासारखं हलकंही वाटलं. दोन्ही एकदम वाटतं, हे खरं आहे.

त्या दिवशी नाना जेवले, पण बोलले नाहीत. फाईलीतल्या दुपारच्या दोन जागा झाल्या नाहीत. ते गच्चीवर खुर्ची टाकून संध्याकाळपर्यंत बसले. ताई एकदा वर जाऊन आल्या.

“काय करतायत?” मी विचारलं.

“काही नाही. बसलाय. बसू दे. कधी बसलाय का तो असा?”

परतीची गाडी

निघताना ताईंनी माझी पिशवी हातगाडीवाल्याच्या हातात दिली. नानांनी बुखाऱ्याचं नाव काढलं नाही. ताईंनी मला जवळ घेतलं, कानात म्हणाल्या, “रूठला आहे. पण येईल ठिकाणावर,” आणि त्यांचेच डोळे भरून आले. एवढं मराठीत बोलायला आता त्यांना पुन्हा कधी कोण मिळणार होतं.

गाडी सकाळी सुटली. प्रयागराज मागे पडेपर्यंत आम्ही एकमेकांशी चहापुरतंच बोललो. मग नानांनी पिशवीतून फाईल काढली, कंपास काढला, त्यातून खोडरबर काढलं आणि फाईल माझ्या मांडीवर ठेवली.

“वाच,” ते म्हणाले.

“काय?”

“पहिल्या पानापासून. तू वाच, मी खोडतो. दोनाचं एक करायचंय सगळीकडे. जेवण, तिकीट, औषधं, सगळं बदलतं.”

आवाजात राग नव्हता. सवयीचा कामाचा आवाज होता, नकाशात चूक सापडल्यावर असायचा तो. तोच ऐकून मला भरून आलं.

मी ती फाईल कधी वाचली नव्हती. दोन वर्षं घरात होती, पण मी तिच्याकडे बघतही नव्हते, दवाखान्यातल्या पाळीच्या तक्त्याकडे बघू नये तसं. आता मोठ्याने वाचायला लागले. “दिवस पहिला. बँकॉक. उठणे, पाच.” नानांनी कोपऱ्यातला दोन खोडला, एक लिहिला, फुंकर मारली. “दिवस चौथा. मेकाँग नदीवरची नाव, दोन दिवस.” खोडला. “दिवस अकरावा. हनोई.” माणिकपूर गेलं, सतना आलं. मी चीनच्या वाळवंटातून जाणाऱ्या गाडीत होते. अल्माटीला सफरचंदाच्या बागा आहेत म्हणे, एप्रिलच्या शेवटी फुलतात, म्हणून त्यांनी तिथे एक दिवस जास्त ठेवला होता. समरकंदला चौकात बसायला सावली कुठल्या बाजूला असते तेही लिहिलं होतं. एका पानावर ‘मा. गुडघे: लिफ्ट आहे का विचारणे’ असं होतं. नानांनी तेही खोडलं आणि मी पान उलटलं. खिडकीबाहेर अंधारायला लागलं तेव्हा आम्ही तिबिलिसीपर्यंत आलो होतो. उरलेलं उद्या, असं म्हणून नाना वर झोपायला गेले. सीटवर खोडरबराचा एवढा भुगा पडला होता की तो मला हाताने गोळा करून टाकावा लागला.

सकाळी भुसावळला केळी घेतली आणि पुढचं वाचायला घेतलं. इस्तंबूल. सोफिया. बेलग्रेड. बुडापेस्ट. व्हिएन्ना. आता माझ्याही जिभेवर ती नावं सरावली होती. शेवटी चारच पानं राहिली, सत्त्याऐंशी ते नव्वद, आणि चारहींवर एकाच ठिकाणाचं नाव. बोहिन्य. स्लोव्हेनियातलं एक तळं.

“इथे उठण्याची वेळ नाहीये,” मी म्हटलं. “राहिली वाटतं.”

“राहिली नाही. तिथे उठायचं नव्हतं.”

“आणि बघायच्या जागांमध्ये काहीच नाही.”

“काही नाही तिथे. तळं आहे, भोवती डोंगर, बसायला बाकं.” ते खोडरबराकडे बघत म्हणाले. “नव्वद दिवसांत कधीतरी तू म्हणशील, आता पुरे. म्हणून ते शेवटी ठेवलं होतं.”

चाळीसगाव आलं आणि गेलं. त्यांनी माझ्या मांडीवरून फाईल ओढून घेतली, कोपऱ्यावर रबर टेकवलं.

“थांबा,” मी म्हटलं. “तिथे दोनच राहू द्या.”

ते रबर तसंच धरून राहिले. “विमानाने एकटीने यावं लागेल तुला. मधे बदलायचंही.”

“येईन. वेळ मात्र दुपारची बघा.”

नानांनी रबर कंपासात टाकलं. पेन्सिलीला टोक केलं आणि चारही पानांवरचे ते दोन पुन्हा एकदा, सावकाश, गडद करून घेतले. मग बोटांवर काहीतरी मोजलं.

“जूनचा तिसरा आठवडा येतो,” ते म्हणाले. “मला एवढ्यात काय वाटलं माहितीये? एप्रिल, मे, मी घरात नसणार. तुझ्यासमोर आंबे, आणि तुला ‘एक खा गं, कोणाला कळतंय’ म्हणायलाही कोणी नाही.”

“म्हणूनच बरं,” मी म्हटलं. “तुम्ही याल तेव्हा हापूस संपलेला असेल.”